निम्मी जाडी वजा

एका गावात एक भोळा फिटर होता. म्हणजे फिटर तो अजून व्हायचा होता. भोळा मात्र पुरता झालेला होता, त्यात आणखी शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याचं नाव शिदू. गावाला साखर कारखाना होता, कारखान्याला कामगारांची चाळ होती, आणि त्या चाळीत शिदू आपल्या आईबरोबर राहायचा. आईला सगळी चाळ अक्का म्हणायची. पोरात एक गुण होता. सांगितलेलं ऐकायचा. तुम्ही म्हणाल, हा तर चांगला गुण. मीही तसंच म्हणायचो, शिदूला बघेपर्यंत. एकदा अक्कानं त्याला दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं. त्यानं ठेवलं. दूध उतू गेलं, चूल विझली, दूध जमिनीवरून वाहत निघालं, तरी शिदूचं लक्ष काही ढळलं नाही. दुधाबरोबर तो दारापर्यंत चालत गेला.

त्याच चाळीत अक्काचा धाकटा भाऊ राहायचा, दौलू मेस्त्री. कारखान्यातली रसाची, वाफेची, पाण्याची, झाडून सगळी नळी ह्याच्या हातची. ह्या दौलूमामाची मुलगी शेवंता. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, ही जुनी रीत. शिदूला शेवंता फार आवडायची. इतकी, की ती समोर आली की तो उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात घालायचा. नवल म्हणजे तिलाही तो आवडायचा. मैत्रिणींनी विचारलं, ह्या येड्यात काय बघितलंस? ती म्हणाली, सांगितलेलं ऐकणारा नवरा तुमच्यातल्या कुणाला मिळालाय का, सांगा. दोघींच्या तर डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

पण मामीचं काय? गोजरामामी म्हणायची, पोरीला आडात ढकलीन पण ह्या खुळ्याला देणार नाही. तिच्या मनात कारखान्याच्या स्टोअरमधला कारकून भरला होता. पांढरे कपडे, वर सायकल, आणि सायकलला घंटी. मामा पडला दोन्हीकडून कात्रीत. शेवटी त्यानं निवाडा केला. दसऱ्याला बॉयलर पेटणार होता. त्याच्या आत शिदूनं एक नळी, एकट्यानं, बिनचूक बसवून दाखवायची. बसली तर शेवंता शिदूची. नाही बसली तर घंटीवाल्याची.

झालं. शिदू मामाच्या हाताखाली कामाला लागला.

पहिल्या दिवशी मामानं त्याला नकाशा दाखवला. म्हणाला, हितं नळीची उंची धा फूट लिहिलीया, खांबांवर टेकू बसीव. शिदूनं टेप घेतली आणि प्रत्येक खांबावर बरोबर दहा फुटांवर टेकू बसवला. सुताचाही फरक नाही. (आमच्या कारखान्यात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कापसाचं नव्हे.) नळी होती चांगली फूटभर जाडीची. ती चढवली, सरकवत नेली, आणि पलीकडच्या टाकीच्या तोंडाशी आली तेव्हा कळलं की नळी तोंडात जात नाही. ती तोंडाच्या अर्धा फूट वर आली होती. टाकीचं तोंड खाली आणि नळी नाकात निघालेली.

मामानं कपाळाला हात लावला. मग जमिनीवर खडूनं एक गोल काढला, गोलाच्या मधोमध एक ठिपका दिला. म्हणाला, "आरं लेका, ही नळी. हा तिचा मध्य. नकाशावर उंची लिवत्यात ती ह्या मध्याची. पण नळी काय मध्यावर बसत न्हाई, ती बुडावर बसती. म्हणून दिलेल्या उंचीतनं निम्मी जाडी वजा करायची. धा फुटातनं अर्धा फूट गेला, साडेनऊ. तिथं टेकू."

शिदूनं ते तीनदा म्हणून पाठ केलं. मग विचारलं, "कायम?"

"कायम," मामा म्हणाला. आता रागाच्या भरात माणूस काय बोलतो त्याला काही धरबंध असतो का? पण शिदूनं धरलं.

दुसऱ्या दिवशी अक्कानं त्याला स्वयंपाकघरात एक फळी ठोकायला सांगितली. भाकरीची दुरडी ठेवायला. किती उंच? तर माझ्या डोक्याइतकी, अक्का म्हणाली. शिदूनं अक्काची उंची मोजली, भरली पाच फूट. आता त्यातनं निम्मी जाडी वजा करायची. जाडी कुणाची? शिदूनं बराच विचार केला. उंची अक्काची, तर जाडीही अक्काचीच असणार, दुसऱ्या कुणाची कशी चालेल? त्यानं सुतळी घेऊन अक्काची जाडी काढली. अक्का खात्यापित्या घरची बाई. निम्मी जाडी फूटभर निघाली. फळी चार फुटांवर बसली. अक्का बाजाराला गेली, शेजाऱ्यांची शेळी आत आली, मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि दुरडी रिकामी करून गेली. शिदू तिथंच बसला होता. त्याला दुरडीवर लक्ष ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं.

अक्का रडत भावाकडे गेली. भाकरीचं सोड म्हणाली, पण पोटच्या पोरानं माझी जाडी सुतळीनं काढून त्यातली निम्मी वजा केली रे. मामानं शिदूला बोलावलं आणि पुन्हा खडू घेतला. म्हणाला, वजा करायचं ते बुडाला टेकू द्यायचा असंल तवा. नळीच्या वरनं काय जायचं असंल तर वरची कड लागती, तवा मध्याच्या उंचीत निम्मी जाडी मिळवायची.

"वरनं जायचं असंल तर मिळवायची," शिदू म्हणाला. "कायम?"

"कायम."

पुढं फाटकाजवळ रस्त्यात आडवी नळी घालायची होती. मामानं सोपं करून सांगितलं. मध्याबिध्याच्या भानगडीत पडू नको, चर खोद आणि नळीची वरची कड रस्त्याच्या बरोबरीत ठेव, वरनं गाड्या जातील. शिदूच्या कानात शेवटचे तीनच शब्द राहिले. वरनं गाड्या जातील. म्हणजे मिळवायचं. त्यानं रस्त्याच्या उंचीत निम्मी जाडी मिळवली. निम्मी नळी रस्त्यात आणि निम्मी रस्त्यावर, अशी झकास बसवली, आणि बाजूला उभा राहून वरनं कोण जातंय ते बघू लागला.

आता आपलं नशीब बघा. पहिला आला तो स्टोअरचा कारकून. गोजरामामीनं त्याला चहाला बोलावलं होतं, म्हणून नवे कोरे कपडे, केसांना तेल आणि हँडलला पेढ्यांची पुडी. लांबूनच घंटी वाजवत आला. नळीवर सायकल थांबली. कारकून थांबला नाही. फाटकापलीकडं मळीचा खड्डा होता, तिथपर्यंत गेला. साखर काढून उरते ती काळी चिकट मळी तुम्हाला माहीत असेल. माहीत नसेल तर बरंच आहे. चहा राहिला बाजूला, त्याला बंबभर गरम पाण्यानं धुवायला तिघं लागले, आणि पुढचे काही दिवस तो जिथं बसे तिथं मुंग्या येत.

मामीनं चाळ डोक्यावर घेतली. मुद्दाम केलं म्हणाली. शिदूला मुद्दाम काही करता आलं असतं तर आणखी काय हवं होतं? मामानं कसंबसं निभावलं, पण शिदूला बजावलं की आता नळी मांडणं बास, पट्ट्या वाकव. सहा इंची नळीला धरून ठेवायच्या लोखंडी पट्ट्या. गोल वाकवायच्या, नळीवर घालायच्या, बोल्ट आवळायचा. ह्यात काय चुकणार?

शिदूनं बरोबर सहा इंचांचा गोल धरून पट्ट्या वाकवल्या. एकही पट्टी नळीवर मिटेना. मामा दुपारी बघायला आला तर शिदू कानस घेऊन नळी घासत बसलेला. घामाघूम. नळी सहा इंची असून जास्त जाड झालीय म्हणाला, घासून सहावर आणतोय, संध्याकाळपर्यंत एक हात होईल.

मामा त्याच्या शेजारी मटकन बसला. ओरडायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. हळूच म्हणाला, "आरं राजा, सहा इंची हे तिचं नाव हाय. बाहेरनं मोजलीस तर सहा इंच पाच सूत भरती. आपल्याला जाडी लागती ती बाहेरची. निम्मी काढायची ती पण बाहेरच्या जाडीची. नावावर जाऊ नको. बाहेरनं मोज."

"कायम?"

"कायम, माझ्या बाबा, कायम."

त्याच आठवड्यात नवरात्राच्या बांगड्या भरायच्या होत्या. अक्कानं सुनेचं मनोमन ठरवलेलंच होतं. तिनं शेवंताची एक जुनी बांगडी मागून आणली आणि शिदूला कासाराकडं धाडलं. अडीचची बांगडी आहे, ह्याच मापाच्या लाखेच्या जाड बांगड्या आण म्हणाली. कासारानं अडीचच्या काढल्या. शिदू म्हणाला, नावावर जायचं नाही, बाहेरून मोजा. कासारानं समजावून बघितलं, की बाबा, बांगडीचं माप आतलं असतं. शिदू ऐकतोय होय? त्यानं जुनी काचेची बांगडी बाहेरून मोजली आणि बाहेरून तेवढ्याच भरतील अशा लाखेच्या निवडल्या. लाख बोटाएवढी जाड. आतलं भोक उरलं ते पेरूएवढं.

शेवंतानं त्या हातात घालून बघितल्या. चार बोटं गेली, अंगठा गेला नाही. मामी म्हणाली, बघ, आत्ताच हात आवळतोय, पुढं गळा आवळील. शेवंता मात्र पोट धरून हसली. मग तिनं शिदूला ओट्यावर बसवलं आणि मामाला जे खडूनं जमलं नव्हतं ते हातानं करून दाखवलं. हा माझा हात. हा बांगडीच्या आत जाणार. जे आत जायचं ते बाहेरनं मोजायचं, म्हणजे हात. ज्याच्यातनं जायचं ते आतनं मोजायचं, म्हणजे बांगडी. आणि दोन्हींच्या मधी बोटभर जागा सोडायची, न्हाईतर अडकतं.

शिदूनं हाताकडं बघितलं, बांगडीकडं बघितलं, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आतून समजलं. त्याचा चेहरा उजळला.

"कायम?" त्यानं विचारलं.

"कायम," शेवंता म्हणाली, आणि लाजली.

दसरा तोंडावर आला. एकच नळी राहिली होती. उसाचा रस गिरणीतून निघून, भिंतीपलीकडं रस उकळायच्या घरात टाकीच्या तोंडात जाणार, ती नळी. मामानं ती शिदूला दिली आणि मोठ्यानं सांगितलं की मी हात लावणार नाही. सगळी चाळ बघायला आली. कारकूनही आला होता, लांब उभा राहिला, मळीचा खड्डा कुठं आहे ते आधी बघून.

शिदूनं नळी खांद्यावर घेतली आणि तिचं टोक धरून दारातून आत शिरू लागला. नळी वीस फुटांची, आत वळायला जागा सहा फुटांची. एक खिडकी गेली, एका बघ्याची टोपी गेली. मामाला राहवेना. हात लावणार नाही म्हणाला होता, तोंड लावणार नाही असं कुठं म्हणाला होता?

"खाली ठेव," तो गरजला. "नळी दारातनं नेतोस व्हय? पलीकडं जे कायमचं जोडायचं, ते दारातनं न्हाई न्यायचं. भिंतीतनं न्यायचं. जमिनीपास्नं मध्याची उंची मोज, भिंतीवर खूण कर, बाहेरची जाडी घे, चारी बाजूंनी बोटभर जास्त धर, आणि गोल भोक पाड."

शिदूनं ऐकून घेतलं. कायमचं जोडायचं ते भिंतीतनं. मध्याची उंची जमिनीपासून. बाहेरची जाडी. बोटभर जास्त. मग त्याचं ते ठरलेलं विचारलं. मामानं ठरलेलं उत्तर दिलं.

आणि काय सांगू तुम्हाला, शिदू असा कामाला लागला की बघत राहावं. त्यानं जमिनीपासून उंची मोजली, भिंतीवर ठिपका दिला. नळी बाहेरून मोजली, नाव विचारलं नाही. गोल आखला, छिन्नीनं भोक पाडलं. मग टेकूंकडं वळला आणि अडला. मिळवायचं की वजा करायचं? तो खांबासमोर बराच वेळ नुसताच उभा राहिला. गर्दीतून शेवंता म्हणाली, नळी बुडावर बसती न्हवं. बस्स. त्यानं निम्मी जाडी वजा केली, टेकू मारले, नळी चढवली, भोकातून सरकवली. नळी आत गेली आणि टाकीच्या तोंडात जाऊन बसली. घोटाळा नाही, ठोकाठोक नाही. पाणी सोडून बघितलं तर थेंबही गळला नाही.

मामानं भाच्याला मिठी मारली. अक्का तिथंच रडायला लागली. कारकून सायकल घेऊन निघून गेला, घंटी न वाजवता. ठरल्याप्रमाणे शेवंता शिदूची झाली.

मामी काय करणार? शब्द दिलेला. पण हार मानेल ती गोजरामामी कसली. तिनं चारचौघांत सांगितलं, लग्न होऊ द्या, माझी ना नाही. पण पोरीनं सासरचं माप ओलांडेपर्यंत ह्यानं एक जरी घोळ घातला, तर अक्षता पडल्या असू देत नाहीतर नसू देत, मी पोर परत घरी आणीन. मामा बोलला, बरं. शेवंतानं शिदूला बाजूला घेतलं आणि विनवलं, की एवढा एक दिवस, माझ्यासाठी, शिकवलेलं सगळं नीट ध्यानात ठेवा. शिदूनं शपथ घेतली की सगळं ध्यानात ठेवीन, एकही गोष्ट विसरणार नाही. तिथंच घात झाला, पण तेव्हा कुणाला कळलं नाही.

लग्न चाळीसमोरच्या पटांगणात झालं. शिदूनं एकही घोळ घातला नाही. लोक फार नाराज झाले. लांबलांबून आले होते बिचारे. भटजींनी उभं राहा म्हटलं तर उभा राहिला, बसा म्हटलं तर बसला, हार शेवंताच्याच गळ्यात घातला. मामी डोळ्यांत तेल घालून बघत होती, तिला काही सापडेना. फक्त जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा नवरदेव तासभर कुठं दिसला नाही. बँड जोरात वाजत होता आणि सगळी चाळ बुंदी खात होती. तो परत आला तेव्हा फेट्यावर विटांची धूळ होती. अक्कानं ती झटकली आणि नजर लागू नये म्हणून कानामागं काजळाचं बोट लावलं.

पाठवणी झाली. मायलेकी गळ्यात गळा घालून रडल्या. चाळ एकच, दारं हाकेच्या अंतरावर, पण पाठवणी म्हटली की रडणं आलंच. मामा-मामी आपल्या खोलीत परतली. वरात मारुतीच्या देवळाला जाऊन आली आणि चाळीपाशी थांबली. अक्का दारात उभी होती. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलेलं, हातात ओवाळून टाकायचा भाकरतुकडा. सुनेनं पायानं माप लवंडलं की झालं, मामीची अट संपली.

शिदू दारापुढं आला आणि थांबला. त्यानं शेवंताचा हात धरला.

"हिकडनं न्हाई," तो म्हणाला.

आणि तिला घेऊन चाळीच्या मागं गेला. अक्का हाका मारत राहिली, वरातीला काही समजेना, बँडवाले मात्र वाजवत राहिले, त्यांना पुढचं ठाऊक नव्हतं.

चाळीच्या मागं सगळ्या खोल्यांची एकच लांब भिंत. शिदूनं एका ठिकाणी लावलेलं गोणपाट बाजूला केलं. भिंतीत एक भोक होतं. गोल, गुळगुळीत, कडेनं सिमेंटचा हात फिरवलेला. शिदूनं सांगितलं, अभिमानानं, पण हळू आवाजात. जे कायमचं जोडायचं ते दारातून न्यायचं नाही. तुझी उंची तुझ्या चोळ्या शिवणाऱ्या शेळके शिंप्याला विचारली, निम्मी करून मध्य काढला. जाडी पण त्याच्याकडूनच आणली, पण ते माप चोळीच्या आतलं, म्हणून शालूच्या निऱ्या वरून धरल्या. चारी बाजूंनी बोटभर जागा सोडलीय, तू म्हणालीस तशी. अडकणार नाहीस.

शेवंतानं भोकाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. भर वरातीत वाद घालावा तर मामीच्या कानावर जाणार. आणि माणूस किती खूश होता ते तिला दिसत होतं. तिनं पदर खोचला, मुंडावळ्या वर सरकवल्या, वाकली आणि भोकातून आत गेली. खरोखरच अडकली नाही. मागोमाग शिदू गेला, तो मात्र दोनदा अडकला, कारण स्वतःचं माप त्यानं घेतलं नव्हतं.

आत अंधार होता. शेवंताचा पाय एका हंड्याला लागला आणि हंडा गडगडला. पुढच्या खोलीत मामी बायकांच्या घोळक्यात डोळे पुसत बसली होती. स्वयंपाकघरात चोर शिरला म्हणून ती लाटणं घेऊन धावत आली, पाठोपाठ कंदील घेऊन मामा. बघते तर चुलीपाशी शेवंता उभी, शालू नेसलेली, हळद लागलेली, आणि डोक्यावर विटेची धूळ. मामीला क्षणभर वाटलं, पोर अजून गेलीच नव्हती, आपण उगाच एवढं रडलो.

मग तिला जावई दिसला. शिदूनं पुढं होऊन पाया पडून विचारलं, "मामी, तुमी आमच्याकडं कवा आला?"

मामीच्या हातातलं लाटणं खाली पडलं. घोळ झाला होता. असा घोळ पंचक्रोशीत कुणी घातला नव्हता. अटीप्रमाणे पोर परत आणायची, पण आणायला जाणार कुठं? जावयानं ती स्वतःच घरपोच केली होती. मामी आधी रागावली, मग तिनं लेकीकडं बघितलं. तासाभरापूर्वी काळजाचा तुकडा म्हणून पाठवलेली, आता चुलीपुढं उभी राहून हसू दाबत होती. मामीला रडू यायच्या ऐवजी हसू यायला लागलं आणि ते काही केल्या थांबेना. मांडीवर हात मारून ती बायकांना सांगू लागली, की अगं, तो कारकून पोरीला दारातून घेऊन गेला असता आणि दिवाळीपर्यंत तिचं तोंड दिसलं नसतं. हा जावई बघा, नेली तशी घेऊन आला. असा जावई हाय का कुणाचा?

मामा कंदील घेऊन भिंतीशी गेला होता. सवयच ती, खिशातून टेप काढली. जमिनीपासून मध्यापर्यंत मोजलं. मग शेवंताला शेजारी उभी करून मोजलं. सुताचा फरक नाही. भोकाची कड बोटानं चाचपली, सगळीकडं बोटभर जागा, ना कमी ना जास्त. इतकी वर्षं त्यानं माणसं शिकवली होती, असं भोक कुणी पाडलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"उंची बरोबर," तो म्हणाला. "मध्य बरोबर. जाडी बरोबर. पोरा, तू फिटर झालास. पण आरं, भिंत माझी हाय."

शिदू गोंधळला. आईनं सांगितलेलं, आपली खोली डाव्या हाताची तिसरी, मामाची उजव्या हाताची तिसरी. पुढच्या अंगणात गर्दी होती, म्हणून तो मागच्या बाजूला गेला आणि तिथून डाव्या हाताची तिसरी मोजली. चुकलं तर कुठं चुकलं? तो पुन्हा पुन्हा भोकाकडं बघत राहिला. पुढच्या बाजूला बँड अजून वाजत होता आणि अक्का भाकरतुकडा हातात धरून सुनेची वाट बघत होती.

"मामा," शिदू शेवटी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा राग होता, "उंची कशी काढायची ते तुमी सगळ्यांनी मिळून शिकवलंसा. भिंत कुणाची घ्यायची, ते कुणी सांगितलंच न्हाई."